अस्वलाची गाठ : धोका आणि दक्षता

(भीमाकाठच्या अफजलपूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय अस्वल हा आहे, हे ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. अफजलपूर तालुका म्हणजे भीमेच्या काठची काळी, सपाट जमीन. ज्वारी, तूर आणि पाण्याची सोय झाली तेथे ऊस. या तालुक्यात दत्तभक्तांचे गाणगापूर आहे, भीमा-अमरजेचा संगम आहे. परंतु अस्वलाला राहण्यास लागणारे खडकाळ डोंगर, कपारी आणि झाडोरा येथे नाही. अशा गावी अस्वलाचा विचार कशासाठी करावयाचा, असा प्रश्न कोणीही विचारील.

त्याचे उत्तर असे की, अस्वल या शिवारात येत नसले तरी या शिवारातील माणसे अस्वलाच्या मुलुखात जातात. येथील शिक्षकाची वा तलाठ्याची बदली कोप्पळ, बळ्ळारी किंवा विजयनगर जिल्ह्यात होऊ शकते. मेंढपाळ कळप घेऊन चराईसाठी दूरदूर हिंडतात. मजूर कामासाठी परजिल्ह्यांत जातात. आपले मराठी भाषिक सोयरेधायरे तर बेळगावकडील खानापूर, कारवारकडील जोयडा, कोल्हापूरकडील चंदगड अशा रानांच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. पलीकडे महाराष्ट्रात बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य, मेळघाट, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली येथील जंगले हीही अस्वलांची घरेच होत. ज्याला अस्वलाची सवय आहे तो जपून वागतो. ज्याने ते कधी पाहिले नाही तो नवखा माणूस मात्र पहिल्याच गाठीत गोंधळून जातो. म्हणूनच हा विषय येथे मांडणे अगत्याचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माणसाला खावे म्हणून अस्वल अंगावर येत नाही. ते दचकते, घाबरते आणि म्हणून तुटून पडते. माणसाची चाहूल त्याला वेळेवर लागली तर बहुतेक वेळा ते आपणहून वाट सोडते. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगावयाचे आहे ते या एका गोष्टीचाच विस्तार होय.

अस्वलाची ओळख

ज्या अस्वलाविषयी आपण बोलत आहोत ते काळे, झिपऱ्या केसांचे, छातीवर पांढुरका चांद असलेले आपल्या देशातील अस्वल होय. कन्नडमध्ये त्याला ‘करडी’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द करडईच्या पिकासारखा वाटतो; तेव्हा एखाद्या कन्नड शेतकऱ्याने ‘शेतात करडी आहे’ असे सांगितले, तर पिकाचे कौतुक करीत पुढे जाऊ नये, एवढे नव्या माणसाने लक्षात ठेवलेले बरे!

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारणतः ८० ते १४५ किलोग्रॅम आणि मादीचे ५५ ते ९५ किलोग्रॅम असते. पुढच्या पायांची नखे लांब, बाकदार आणि बोथटशी असतात; त्यांची लांबी ७ ते १० सेंटिमीटर भरते. ही नखे शिकारीसाठी नसून वारूळ फोडण्यासाठी आहेत. वरच्या जबड्यातील समोरचे दोन दात या प्राण्याला नसतात. त्या फटीतून ते वाळवी आणि मुंग्या जोराने ओढून घेते. त्या वेळी नाकात माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेण्याची सोयही निसर्गाने त्याला दिली आहे. या अस्वलाचे शास्त्रीय वर्णन १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने केले. परंतु ही नखे आणि नसलेले दात पाहून त्याने त्याची गणना दक्षिण अमेरिकेतील झाडाला उलटे लोंबकळणाऱ्या एका मंद प्राण्याच्या जातीत केली. पुढे ही चूक दुरुस्त झाली, तरी इंग्रजी नावात तो ‘मंद’पणा आजतागायत चिकटून राहिला आहे. वास्तविक हे अस्वल मंद मुळीच नाही. ते माणसापेक्षा वेगाने धावते आणि झाडावरही चांगले चढते.

त्याचे अन्न पाहिले म्हणजे त्याच्या स्वभावाचा उलगडा होतो. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, उंबरे, टेंभुर्णीची फळे, बहाव्याच्या शेंगा, सीताफळे आणि मोहाची फुले हा त्याचा मुख्य आहार होय. खाल्लेल्या फळांच्या बिया त्याच्या विष्ठेवाटे दूरवर पडून रुजतात, म्हणजे रानाची लागवडही त्याच्या हातून होते. वाघ-बिबट्याप्रमाणे सावज हेरून त्याच्यावर झडप घालण्याचा हा प्राणी नव्हे.

माद्या बहुधा हिवाळ्याच्या सुमारास, एखाद्या गुहेत किंवा कपारीत, एक किंवा दोन पिल्लांना जन्म देतात. पिल्ले बाहेर पडू लागली की आईच्या पाठीवरील लांब केसांना धरून तिच्यावर स्वार होतात आणि दीड-दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ तिच्याबरोबर राहतात. पाठीवर लेकरू असलेली आई सहसा पळून जात नाही, उलट अंगावर धावून येते.

अस्वल अंगावर का येते?

या प्राण्याचे नाक अतिशय तीक्ष्ण आहे. पण त्याची नजर अधू असून कानांवरही त्याची फारशी भिस्त नसते. त्यात ते वारूळ उकरू लागले म्हणजे श्वास ओढण्याचा आणि फुंकण्याचा असा मोठा आवाज करते की, शांत रानात तो शंभर पावलांवरूनही ऐकू यावा. स्वतःच्याच आवाजात बुडालेल्या त्या जनावराला माणसाची पावले कशी ऐकू यावीत? वारा उलट दिशेचा असला तर वासही येत नाही. माणूस मान खाली घालून सरपण वेचीत असतो, अस्वल मान खाली घालून वाळवी खात असते, आणि दोघांची गाठ पडते ती दहा-पंधरा पावलांवर! अशा वेळी विचार करण्यास दोघांनाही अवधी मिळत नाही.

दुसरे कारण त्याच्या पूर्वापार जीवनात आहे. हा प्राणी वाघाच्या सहवासात वाढला. वाघापासून पळून सुटका होत नाही, आणि आपल्या जंगलांत झाडावर चढूनही ती हमखास होत नाही. म्हणून उलटून चढाई करणे हाच बचावाचा मार्ग त्याच्या अंगी मुरला. वाघाला परतविण्यासाठी शिकलेली ही रीत ते माणसावरही वापरते. ते कधी मागच्या पायांवर उभे राहते आणि पंजा व दात यांनी डोके, चेहरा व हात यांवर मारा करते. म्हणूनच अस्वलाच्या तावडीतून सुटलेला माणूस जिवंत राहिला तरी डोळा, नाक, ओठ गमावून बसतो. मृत्यूच्या आकड्यांत ही हानी दिसत नाही. परंतु ज्या घरातील कर्त्या पुरुषाचा चेहरा ओळखू येईनासा होतो, ज्या बाईला पुढे बाजारहाटाला जाण्याचीही लाज वाटू लागते, त्या घराला ती जन्मभर भोगावी लागते.

श्रीमद्भागवतात स्यमंतक मण्याची कथा आहे. श्रीकृष्ण जांबवंताच्या गुहेत शिरतो. अनोळखी मनुष्य पाहून मुलाची दाई भयाने ओरडते, आणि तो आरडाओरडा ऐकून जांबवंत क्रोधाने धावून येतो. कथेचा आध्यात्मिक अर्थ काहीही असो, अस्वलाच्या घरात अकस्मात शिरले म्हणजे काय होते हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

अस्वलाने माणसांमागे हात धुऊन लागावे अशी प्रकरणे घडलीच नाहीत असे नाही. जुन्या म्हैसूर राज्यातील अर्सिकेरे भागात एका अस्वलाने सुमारे १२ माणसे मारल्याची हकीकत केनेथ अँडरसन या शिकारी लेखकाने लिहून ठेवली आहे. परंतु ती इतकी वर्षे सांगितली जाते ती तिच्या वेगळेपणामुळेच. अपवादावरून सर्व अस्वलांना खुनी ठरविणे योग्य नाही, तसेच त्यांना खेळणे समजणेही योग्य नाही.

आकडे काय सांगतात?

तत्कालीन अविभक्त मध्य प्रदेशात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत ७३५ माणसे अस्वलांच्या हल्ल्यांत सापडली. त्यांपैकी ४८ मरण पावली आणि बाकीची जखमी झाली. शंभरांतील त्र्याण्णव माणसे वाचली, ही दिलासा देणारी गोष्ट होय. परंतु वाचलेल्यांच्या जखमा कशा असतात हे आताच सांगितले आहे.

याहून उपयुक्त माहिती कान्हा व पेंच या दोन व्याघ्र प्रकल्पांच्या दरम्यानच्या जंगलपट्ट्यातून मिळते. तेथे २००४ ते २०१६ या काळात अस्वलाच्या हल्ल्यास बळी पडलेल्या १६६ जणांच्या मुलाखती अभ्यासकांनी घेतल्या आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य गोष्टी अशा :

शंभरांपैकी ८१ हल्ले जंगलात घडले आणि १९ जंगलाच्या कडेला किंवा शेतात. जंगलातील हल्ल्यांत सर्वांत मोठा वाटा, म्हणजे ४२ टक्के, मोहफुले, तेंदूपाने यांसारखे वनोपज गोळा करणाऱ्यांचा होता. त्याखालोखाल सरपण आणणारे १५ टक्के आणि गुरे चारणारे १३ टक्के होते. उघड्यावर शौचास बसलेल्या माणसांवरील हल्ले ५ टक्के होते. ऋतूंचा विचार केला तर उन्हाळ्यात ४० टक्के, पावसाळ्यात ३५ टक्के आणि हिवाळ्यात २५ टक्के असे प्रमाण दिसले. निम्म्याहून थोड्या अधिक प्रसंगी अस्वल एकटे होते. चौथ्या हिश्श्यात पिल्लांसह मादी होती आणि उरलेल्यांत अस्वलांची जोडी होती.

हे आकडे जरा बारकाईने पाहावेत. यांत चोरटा शिकारी किंवा धाडस दाखविण्यास गेलेला शहरी पाहुणा क्वचितच असेल. येथे दिसतो तो पोटासाठी रानात गेलेला गरीब माणूस. मोहाची फुले रात्री गळतात. ती गुरे आणि जनावरे खाण्याच्या आत वेचावीत म्हणून बाया पहाटेच्या अंधारात झाडाखाली पोहोचतात. त्याच फुलांसाठी त्याच वेळी अस्वलही तेथे येते. दोघांनाही एकाच झाडाखाली एकाच घटकेला पोट भरावयाचे असते. ‘रानात जाऊ नका’ असा उपदेश अशा बाईला करणे सोपे आहे; तो पाळणे तिला शक्य नाही. तिने रानात जावे आणि सुखरूप परत यावे, यासाठी काय करता येईल हे सांगणे आपले काम आहे.

गाठ टाळण्याचे उपाय

आपल्याकडे पूर्वी टपाल नेणारा हरकारा असे. रानावनांतून एकटा धावणाऱ्या त्या माणसाच्या हाती घुंगुरकाठी असे. घुंगरांच्या आवाजाने पुढच्या टप्प्यावरील माणसाला तो येत असल्याचे कळे आणि वाटेवरचे जनावरही आधीच सावध होई. आज अस्वलांच्या प्रदेशात काम करणारे तज्ज्ञ गावकऱ्यांना घंटा बांधलेली काठी वापरण्यास सांगतात. म्हणजे आपल्या जुन्या हरकाऱ्याचेच शहाणपण पुन्हा उपयोगास आले आहे. एक काठी, चार घुंगरे किंवा बैलाच्या गळ्यातील जुनी घंटा, याला खर्च तो किती? अंधारात मानेवर टांगलेला मोबाईल गाणी वाजवीत असला तरी चालेल. परंतु कानांत यंत्र खुपसून स्वतःच गाणे ऐकत जाणे मात्र घातक होय. त्यामुळे अस्वलाला आपली चाहूल लागत नाही ती नाहीच, आणि आपल्यालाही त्याची लागत नाही.

याशिवाय पुढील गोष्टी पाळाव्यात. रानात एकट्याने जाऊ नये. तिघे-चौघे मिळून, बोलत वा गात जावे. एका ठिकाणी वाकून काम करावयाचे असेल तर आधी चार दिशांना हाका द्याव्यात, थोडे थांबावे, मग कामास लागावे. आणि एकाने आळीपाळीने उभे राहून लक्ष ठेवावे. पहाट, सायंकाळ व रात्र या वेळा अस्वलाच्या फिरण्याच्या आहेत. त्या शक्य तेवढ्या टाळाव्यात. मोहफुले वेचण्यास पुरेसे उजाडल्यावरच निघावे. दिवसा अस्वल कपारीत, झुडपांत, ओढ्याच्या गर्द काठावर विसावलेले असते. तेव्हा अशा जागी आवाज न करता शिरू नये. ताजी उकरलेली वारुळे, बहाव्याच्या वा बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा, झाडाच्या खोडावरील नखांचे ओरखडे या खुणा दिसल्या तर वाट बदलावी. पाठीवर पिल्ले असलेली मादी कितीही लांब दिसली तरी पाहत उभे राहू नये.

शेतकरी बंधूंना वेगळे सांगावयाचे आहे. डोंगराच्या पायथ्याच्या शेतात भुईमूग, मका, ऊस, कलिंगड ही पिके अस्वलाला ओढून आणतात. राखणीस जावयाचे तर माळ्यावर, जमिनीपासून उंच बसावे. बांधावर उघड्यावर झोपू नये. जवळ चांगली बॅटरी असावी. अस्वल पिकात शिरलेले दिसल्यास लांबून डबा वाजवावा, पण त्याला जाण्याची वाट मोकळी ठेवावी. पिकाच्या आत शिरून हुसकण्याचा प्रयत्न कदापि करू नये. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे हा तर गुन्हाच होय. त्याने जनावर मरते तसा शेजाऱ्याचा मुलगाही मरतो. डुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब आणि फासे यांनी घायाळ झालेले अस्वल पुढे भेटेल त्या निरपराध माणसावर राग काढते.

समोरासमोर गाठ पडली तर

इसापनीतीतील दोन मित्रांची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. अस्वल येताच एक मित्र झाडावर चढतो. दुसरा जमिनीवर मेल्यासारखा पडून राहतो. अस्वल त्याला हुंगून निघून जाते. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की, ही गोष्ट शिकवितांना दोन शब्द अधिक सांगावेत. ती गोष्ट परदेशातील, तेथील अस्वलाची आहे. आपले अस्वल मधासाठी झाडावर सहज चढते. म्हणून झाड हा खात्रीचा आसरा नव्हे. आणि अस्वल दुरून दिसताच आडवे पडणे हेही बरोबर नाही.

मग करावे काय? अस्वलाने आपल्याला पाहिलेले नसेल तर आवाज न करता आल्या वाटेने परत फिरावे. त्याने पाहिले असेल आणि अंतर बऱ्यापैकी असेल तर थांबावे, त्याच्याकडे पाठ न करता, सावकाश एकेक पाऊल मागे घ्यावे व हळू आवाजात बोलत राहावे. धावू नये, धावण्यात माणूस हरतो. ते तुमच्याकडे धावून आले तर बरोबरच्या सर्वांनी एकमेकांना चिकटून उभे राहावे, काठ्या पुढे धराव्यात आणि मोठ्याने ओरडावे. अनेकदा ते थोड्या अंतरावर थबकते आणि वळते. परंतु ते अंगाशी भिडलेच, तर गुडघे पोटाशी घेऊन पालथे पडावे, कपाळ जमिनीला टेकवावे आणि दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफून कोपरे चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना आणावीत. तोंड आणि मान वाचविणे हे या क्षणीचे पहिले काम होय. अस्वल गेले असे वाटले तरी लगेच उठू नये. थोडा वेळ पडून राहून, कानोसा घेऊन मगच उठावे.

इसापाच्या गोष्टीत झाडावर चढलेल्या मित्राला दोष दिला आहे. मघाशी सांगितलेल्या अभ्यासात एक मोठी आशादायक बाब आढळली : ४४ टक्के प्रसंगी बळी पडलेल्याची सुटका इतर माणसांनी केली आणि ४३ टक्के प्रसंगी अस्वल आपणहून निघून गेले. म्हणजे जवळजवळ निम्म्या माणसांचे प्राण सोबत्यांनी वाचविले. सोबत्याने एकट्याने हातघाईवर येऊ नये. पण सर्वांनी मिळून आरडाओरडा केला, काठ्या आपटल्या, डबे वाजविले तर अस्वल माणसाला सोडून जाते. एकट्याने रानात जाऊ नये असे आम्ही वारंवार सांगतो ते याच कारणाने. मुलांनी मित्राला सोडून न जाण्याचा बोध घ्यावा, तो एवढ्या मोठ्या अर्थाने घ्यावा.

जखमीची शुश्रूषा

जखमेतून रक्त वाहत असल्यास स्वच्छ धुतलेल्या कापडाने घट्ट दाबून धरावे. चेहऱ्याची वा डोक्याची कातडी लोंबत असली तर ती कापून टाकू नये. जागच्या जागी ठेवून वरून ओले स्वच्छ कापड बांधावे. शस्त्रक्रियेत तिचा उपयोग होतो. तोंडात रक्त साठत असेल तर रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे श्वास कोंडणार नाही. हळद, चुना, तिखट, तंबाखू, झाडपाला यांपैकी काहीही जखमेत भरू नये. रक्तस्राव आटोक्यात असेल तर साबण व वाहते पाणी यांनी जखम पंधरा मिनिटे धुवावी.

अस्वलाच्या चाव्यातूनही पिसाळरोग होऊ शकतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून जखम लहान असली तरी श्वानदंशाप्रमाणेच लसीच्या सर्व मात्रा व डॉक्टर सांगतील ते प्रतिद्रव्याचे इंजेक्शन, तसेच धनुर्वाताची लस घेतलीच पाहिजे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत उपलब्ध आहे. त्याच वेळी वनखात्याला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. वन्य प्राण्याने केलेल्या मनुष्यहानीबद्दल शासन अर्थसाहाय्य देते. त्यासाठी घटनेची खबर तातडीने देणे, पंचनामा करून घेणे आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवणे आवश्यक असते. रक्कम व नियम वेळोवेळी बदलतात. ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावेत. पुष्कळदा घरातील सर्व माणसे रुग्णाभोवती गुंतलेली असतात आणि कागद करावयाचे राहून जातात. ही जबाबदारी गावातील शिक्षकाने किंवा ग्रामसेवकाने उचलावी.

अस्वल गावात शिरले तर

पाण्याच्या शोधात किंवा पिकाच्या ओढीने अस्वल कधी वस्तीत शिरते आणि उजाडल्यावर परतीची वाट न सापडून गोठ्यात, नाल्यात अडकून पडते. अशा प्रसंगी होणारे अपघात अस्वलापेक्षा जमावामुळेच अधिक होतात. चहूकडून माणसे धावतात, दगड मारतात, मोबाईलवर चित्रे घेतात. घाबरलेले जनावर वाट फुटेल तिकडे धावते आणि समोर येईल त्याला फाडते. अशा वेळी गावाने एकच करावे : मुले व गुरे आत घ्यावीत, कुत्री बांधून ठेवावीत, वनखात्याला व पोलिसांना कळवावे आणि रानाकडील बाजू मोकळी सोडावी. पुष्कळदा अंधार पडताच ते आले तसे निघून जाते.

कायदा आणि आपले कर्तव्य

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अस्वलाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत स्थान आहे. त्याला मारणे, पकडणे, पाळणे हा गंभीर गुन्हा आहे. मात्र स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी प्रामाणिकपणे केलेल्या प्रतिकारास हाच कायदा गुन्हा मानीत नाही, हेही लोकांना सांगितले पाहिजे. नाहीतर कायद्याच्या भीतीने माणसे सोबत्याच्या मदतीस जावयास कचरतील.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना दारोदार अस्वल नाचविणारा दरवेशी आठवत असेल. मुलांची भीती जावी म्हणून अस्वलाच्या केसाचा ताईत गळ्यात बांधीत, लहान मुलांना त्याच्या पाठीवर बसवीत. पण त्या खेळासाठी आई मारून पिल्लू पळवावे लागे आणि त्याचे नाक टोचून दोरी ओवावी लागे. २००९ च्या सुमारास ही प्रथा जवळजवळ संपुष्टात आली, आणि सोडविलेल्या पुष्कळ अस्वलांना आग्रा, बंगळूरजवळील बन्नेरघट्टा अशा ठिकाणी आसरा मिळाला. दरवेश्याच्या त्या मुक्या, थकलेल्या अस्वलामुळे आपल्या मनात अस्वलाचे एक खोटे चित्र मात्र राहून गेले. रानातील अस्वल हे नव्हे, हे नव्या पिढीला सांगावे लागेल.

आपल्या कल्याण कर्नाटक विभागातच हंपीजवळ दरोजी येथे १९९४ साली अस्वलांसाठी अभयारण्य झाले, आणि पुढे गुडेकोटे येथेही झाले. दरोजीच्या शिळांवर गोड लेप लावून अस्वलांना बोलावीत आणि पाहुणे ते दुरून पाहत. परंतु अभयारण्याच्या सीमा माणसाने नकाशावर आखलेल्या असतात. अस्वलाला त्या वाचता येत नाहीत. खडकांच्या खाणींनी त्याच्या कपारी फुटल्या, वणव्यांनी फळझाडे करपली, उन्हाळ्यात पाणवठे आटले की ते खाली शेतात उतरणारच. मोहफुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची सवयही पुष्कळदा वणव्याचे कारण होते. झाडाखाली जुनी साडी वा जाळी अंथरली तर पाला जाळावा लागत नाही, वाकावे लागत नाही आणि पहाटेच्या अंधारात जाण्याची निकडही उरत नाही.

अधिकारी मित्रांना एवढीच विनंती की, डोंगरकडेच्या गावांत घरोघर शौचालय नुसते बांधून नव्हे तर पाण्यासह वापरात आहे ना, हे पाहावे. स्वयंपाकाचा गॅस मिळाला की सरपणाच्या फेऱ्या कमी होतात. रानातील पाणवठा मार्चपूर्वी दुरुस्त झाला तर अस्वलाची गावाकडील फेरीही कमी होते. या सर्व योजना निरनिराळ्या खात्यांच्या असल्या तरी त्या एकाच बाईचा चेहरा वाचवितात, हे विसरू नये.

मंडळी, रान अस्वलाचेही आहे आणि रानावर पोट भरणाऱ्या माणसाचेही आहे. दोघांनी एकमेकांपासून चार पावले अंतर राखावे, यातच दोघांचे हित आहे. अस्वलाला हे शिकविता येणार नाही. आपल्याला शिकता येईल. उद्या आपल्यापैकी कोणाची बदली डोंगरी गावात झाली, कोणाचा भाऊ मजुरीस त्या मुलुखात निघाला, तर त्याच्या हाती भाकरीच्या गाठोड्याबरोबर एक घुंगुरकाठी द्यावी आणि सांगावे : ‘बाबा रे, बोलत जा, सोबतीने जा, आणि उजाडल्यावर जा.’